गवतातल्या चंडोलाचा धनी

जेमतेम सव्वादोन इंच उंचीचा एक पिंजरा. लाकडी दार एवढेसे, की करंगळीचे टोकही त्यातून कसेबसेच जावे. बाजूंना तपकिरी जाळीचे कापड. आतला प्राणी दिवसाउजेडी पाहायचा म्हटले तर पिंजरा हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवावा लागे. तेव्हा कुठे छताला उलटा चिकटून बसलेला तो सापडे. अंग डासाएवढे, मिशा मात्र अंगाहून कितीतरी लांब. पण दिवेलागण झाली की या चिमुकल्या जिवातून असा सूर निघे, की सारी खोली त्याने भरून जाई. दूर कुठे कुणी इवलेसे घुंगरू न थांबता हलवत राहावे तसा. रात्र चढत जाई तसा तो अधिकच गोड होई आणि पहाटे विरून जाई.

हा पिंजरा होता टोकियोत, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, लाफ्कादिओ हर्न या लेखकाच्या अभ्यासिकेत. जपानात हर्नला कोइझुमी याकुमो म्हणतात आणि तिथे हे नाव घराघरांत ठाऊक आहे. मासाकी कोबायाशी यांचा ‘क्वाइदान’ हा चित्रपट १९६५ साली कान महोत्सवात गौरवला गेला. फिल्म सोसायटीच्या काळोखात तो पाहिलेले काही वाचक नक्की असतील. त्यातल्या भुताखेतांच्या गोष्टी हर्नच्या. त्या गोष्टींवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या रातकिड्याविषयी. या माणसाच्या चौपन्न वर्षांच्या आयुष्यात शिरायला मला तरी त्या पिंजऱ्याच्या दाराइतकी दुसरी वाट सापडलेली नाही.

किड्याचे नाव कुसा-हिबारी. कुसा म्हणजे गवत, हिबारी म्हणजे चंडोल. गवतातला चंडोल! आपल्याकडे कुणी रातकिड्याला चंडोल म्हटले असते का? नाव गवताचे असले तरी हा राहतो झुडपांत. रानाची कड, कुंपणाची दाटी, देवळामागची सावली ही त्याची घरे. तो दुर्मिळ मुळीच नाही. होन्शूपासून क्युशूपर्यंत आणि त्याही खाली दक्षिणेकडच्या उबदार बेटांपर्यंत तो सर्रास आढळतो. जपान म्हटले की आपल्याला बर्फाच्छादित फुजी आठवतो; पण भूगोलाच्या हिशेबात टोकियोसुद्धा दमट, उपोष्ण हवेच्या पट्ट्यात येते. उन्हाळा मुंबईकराला घाम फोडील असा. या हवेतले मूळचे रान सदाहरित असते : ओकच्या सदापर्णी जाती, कापराचे वृक्ष, कॅमेलिया; पाने जाड, मेण लावल्यासारखी चकचकीत. शेती आणि शहरे वाढली तसे हे रान सपाटीवर राहिले ते मुख्यतः देवस्थानांभोवती. आपल्या देवराईसारखीच ही कल्पना. आज आपल्याकडे गावोगावी ‘मियावाकी’ पद्धतीने झाडे लावतात, त्या अकिरा मियावाकींनी स्थानिक झाडांची यादी शोधली ती याच देवरायांमधून. कुसा-हिबारी अशा रानाच्या काठाचा रहिवासी. हेमंतात मादी अंडी घालते, थंडी पडली की मोठे किडे मरतात, अंडी तेवढी हिवाळा काढतात. पुढच्या उन्हाळ्यात जी पिल्ले बाहेर येतात त्यांनी आई-बाप कधी पाहिलेलेच नसतात.

गातो तो फक्त नर, आणि गातो तोंडाने नव्हे. पुढच्या एका पंखावर करवतीसारखे बारीक दाते असतात आणि दुसऱ्या पंखाची कड त्यांवर घासली जाते. पंखाचा पातळ पडदा तो आवाज वाढवतो. ऐकायचे कान असतात पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. सारी खटपट मादीला बोलावण्यासाठी. मराठीत या आवाजाला आपण किर्र म्हणतो आणि तो शब्द काळोखाला आणि रानालाही जोडतो : किर्र रात्र, किर्र झाडी. आपल्याला त्यात एकटेपणा आणि थोडी भीती ऐकू येते. जपान्यांना संगीत ऐकू आले आणि त्यांनी ते विकत घ्यायला सुरुवात केली.

हर्नने या व्यापाराची मोठ्या हौसेने माहिती काढली. १८९८ साली निघालेल्या त्याच्या एका पुस्तकात ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, च्युझो नावाचा एक फिरता खाद्यविक्रेता होता. त्याने सहज म्हणून काही सुझुमुशी पकडून घरी ठेवले. आवाजावर शेजारी भाळले, मागणी येऊ लागली. पुढे त्याच्या एका गिऱ्हाइकाने ओल्या मातीच्या बरण्यांत हे किडे वाढवण्याची युक्ती शोधली. खोली उबदार ठेवली की पिल्ले हंगामाआधीच बाहेर येत आणि भावही चांगला मिळे. हर्नच्या काळी देवळाच्या जत्रेत रात्री कंदिलांच्या उजेडात या विक्रेत्यांची दुकाने लागत. त्याने दिलेल्या दरपत्रकात कुसा-हिबारीचा भाव दहा ते बारा सेन आहे. सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग.

आता हा धनी कोण, कुठला, ते पाहू.

हर्नचा जन्म २७ जून १८५० चा, ग्रीसच्या पश्चिमेकडील लेफ्काडा बेटावर. त्या बेटावरूनच त्याचे लाफ्कादिओ हे नाव पडले. आई रोझा ग्रीक. वडील चार्ल्स हर्न आयरिश, ब्रिटिश फौजेत डॉक्टर. मूल दोन वर्षांचे असताना आई त्याला घेऊन डब्लिनला सासरी आली. तिथली भाषा तिला येईना, थंडी सोसेना, माणसे आपली वाटेनात. १८५४ मध्ये ती ग्रीसला परतली. मुलगा चार वर्षांचा होता. आई त्याला पुन्हा दिसली नाही. वडिलांनी विवाह रद्द करवून घेतला, दुसरे लग्न केले आणि नव्या बायकोसह ते थेट आपल्या सिकंदराबादच्या छावणीत नोकरीला आले. मुलगा मागेच राहिला. १८६६ मध्ये हिंदुस्थानातून परतताना सुएझच्या आखातात हिवतापाने ते बोटीवरच वारले.

मुलाला वाढवले एका श्रीमंत आजीने, म्हणजे वडिलांच्या मावशीने. खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण पोराला भुते दिसत, आणि भीती मोडावी म्हणून त्याला रात्री अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवत. अंधारात कान देऊन पडून राहणे हे त्याचे पहिले शिक्षण म्हणायचे! सोळाव्या वर्षी इंग्लंडमधल्या निवासी शाळेत खेळताना दोराची गाठ डाव्या डोळ्यावर बसली आणि तो डोळा कायमचा गेला. उजवा आधीच अधू. ताण पडून तो बटबटीत झाला. पुढे हर्नच्या प्रत्येक छायाचित्रात पाहा, चेहऱ्याची डावी बाजू कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी तो बसलेला असतो. लिहिताना कागद डोळ्याशी भिडावा म्हणून त्याचे मेजही छातीएवढे उंच असे.

आजीचा पैसा दुसऱ्याच एका नातलगाच्या व्यवहारात बुडाला. एकोणिसाव्या वर्षी या पोराला अमेरिकेचे तिकीट काढून देण्यात आले. सिनसिनाटीत तो रस्त्यावर आला, तेव्हा हेन्री वॉटकिन नावाच्या मुद्रकाने त्याला छापखान्यात थारा दिला. कागदाच्या कपट्यांवर तो झोपे. त्याच शहरात तो गाजलेला बातमीदार झाला. अ‍ॅलेथिया फोली या गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीशी त्याने १८७४ मध्ये लग्न केले, ते त्या राज्याच्या कायद्याला मान्य नव्हते. त्यावरून १८७५ मध्ये नोकरी गेली. दुसरी मिळाली. लग्न मात्र टिकले नाही आणि १८७७ मध्ये तो तिला मागे ठेवून न्यू ऑर्लिन्सला निघून गेला. मागे टाकला गेलेला मुलगा स्वतःही कुणाला तरी मागे टाकू शकतो, हे त्याचे चरित्रकार जरा घाईने ओलांडतात असे मला वाटते.

१८८७ मध्ये तो कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर गेला आणि दोन वर्षे राहिला. बेटाच्या मध्यभागी डोंगर, त्यावर वेलींनी जखडलेले घनदाट रान. सूर्य बुडाला की त्यातून असा गलका उठे की माणसाने आवाज चढवून बोलावे. तिथे रातकिड्यांच्याच गोतातला एक मोठा किडा आहे, त्याला लोकांनी नाव दिले आहे काब्री-ब्वा, म्हणजे रानातले करडू. तो रात्रभर ओरडतो आणि पहाटे साडेचारच्या सुमारास गप्प होतो. कष्टकरी बायकांना तोच गजर. घड्याळाच्या आवाजाने आपण जागे होतो. त्या आवाज थांबल्याने जाग्या होत! हर्नच्या मार्टिनिकवरच्या पुस्तकातली ही नोंद मला फार आवडते. शांततेकडेही कान लागतो, हे त्याने तिथे टिपून ठेवले. दहा-बारा वर्षांनी टोकियोत हेच त्याच्यावर उलटणार होते.

(तो ज्या सेंट पियेर गावात राहिला ते ८ मे १९०२ रोजी पेले ज्वालामुखीने काही मिनिटांत भाजून काढले. अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसे मेली.)

एप्रिल १८९० मध्ये हर्न जपानला उतरला तो एका नियतकालिकासाठी लेख लिहायला. ते काम लगेच फिसकटले आणि त्याने मात्सुए या पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या गावी शिक्षकाची नोकरी धरली. तिथे सेत्सु भेटली. बुडालेल्या सामुराई घराण्यातली मुलगी. पहिला नवरा सोडून गेलेला. घर सांभाळायला म्हणून ती आली आणि पत्नी झाली. त्याला जपानी धड येईना, तिला इंग्रजी नाही. मग दोघांनी मिळून एक मोडकी जपानी तयार केली. प्रत्यय नाहीत, क्रियापदे उघडीबोडकी. घरात तिला हर्नसाहेबांची भाषा म्हणत. याच भाषेत सेत्सु रात्री दिव्याची वात खाली करून जुन्या गोष्टी सांगे. पुस्तकातून वाचलेले त्याला चालत नसे. स्वतःची म्हणून सांग, असा हट्ट. ‘क्वाइदान’च्या गोष्टींत निम्मा वाटा या बाईचा आहे. जगाला हे उमजायला वेळ लागला. २०२५ मध्ये जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने तिच्या आयुष्यावरून रोजची मालिका सुरू केली, तेव्हा कुठे ती नवऱ्याच्या पुढे उभी राहिली.

सेत्सुने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात या काळातले काही प्रसंग आहेत. तळ्याकाठी पोरे मांजराचे पिल्लू पाण्यात बुडवून छळत होती; हर्नने ते भिजलेले पिल्लू तसेच छातीशी कपड्यात धरून घरी आणले. बागेत साप येई. त्याने बेडूक खाऊ नयेत म्हणून हा गृहस्थ आपल्या ताटातला घास त्याला घालून समजूत घाली. अशी माणसे घरच्यांना किती त्रासाची असतात, ते ज्यांच्या घरी आहेत त्यांनाच ठाऊक.

मात्सुएची थंडी सोसेना म्हणून तो क्युशू बेटावर कुमामोतोला गेला, तिथून कोबेला. बायको-मुलांना वारसाहक्क मिळावा म्हणून १८९६ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतले आणि सासरचे कोइझुमी हे आडनाव लावले. त्याच वर्षी टोकियोच्या सम्राटांच्या विद्यापीठात तो इंग्रजी साहित्य शिकवू लागला. टोकियो त्याला आवडत नसे. पण घराशेजारी कोबुदेरा नावाचे जुने बौद्ध मंदिर होते, त्याच्या आवारात उंच, पुरातन सुरूसारखे सीडर. सकाळ-संध्याकाळ तो तिथेच असे. एके दिवशी पाहतो तर तीन झाडे आडवी. मंदिराला पैशाची चणचण आहे असे सेत्सुने सांगितले. मग मला का नाही सांगितले, मी पैसे दिले असते, म्हणून तो हळहळत राहिला. पुढे आणखी झाडे पडली आणि त्याचे तिकडे जाणे थांबले. १९०२ च्या मार्चमध्ये कुटुंबाने बिऱ्हाड हलवले.

कुसा-हिबारीची गोष्ट घडली ती साधारण याच सुमाराला. १९०२ मध्ये निघालेल्या ‘कोत्तो’ या पुस्तकात ती आहे. किडा जन्मला होता विक्रेत्याच्या बरणीत. रान, दव, झुडूप, मादी यांतले काही त्याने पाहिले नव्हते. तरी गाणे आले ते कुठून? लाखो पिढ्यांच्या पूर्वजांनी रानाकाठच्या झुडपांत गाऊन गाऊन ते अंगात भिनवले, असे हर्नने मांडले. आज आपण त्याला आनुवंशिकता म्हणू. आणि ज्या मादीला हा रोज रात्री बोलावतो ती येणारच नाही, याने तो कासावीस होई. जोडीदारीण आणावी असेही मनात आले, पण हंगाम उलटून गेला होता. बाहेरचे त्याचे भाऊबंद केव्हाच थंडीने मेले होते. हा तेवढा शेगडीच्या उबेवर नोव्हेंबरअखेर जिवंत होता.

त्याला दाणापाणी म्हणजे वांग्याची किंवा काकडीची फोड. ते काम घरात राहणारा आकी नावाचा विद्यार्थी करी. आकी आठवड्याभराच्या सुट्टीवर गावी गेला आणि काम हाना या मोलकरणीकडे आले. २९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी हर्न मेजाशी लिहीत होता. खोलीत काहीतरी कमी आहे असे त्याला वाटू लागले. जरा वेळाने कळले, आवाज नाही. पिंजऱ्यात वांग्याची फोड वाळून दगड झाली होती आणि तिच्याशेजारी किडा मरून पडला होता. तीन-चार दिवस कुणी खायला घातले नव्हते. आदल्या रात्री तो नेहमीपेक्षा सुरेख गायला होता. धन्याला वाटले, आज स्वारी खुशीत आहे. भुकेने त्याने स्वतःचे पाय खाल्ले होते.

हर्न हानाला रागावला. वांगी संपली होती, हे तिचे म्हणणे. काकडी चालेल, कांदा चालेल, हे तिला सुचले नाही. तिने माफी मागितली. पण हर्नचे समाधान होईना, आणि मला वाटते ते नोकराणीच्या उत्तरावर अडलेले नव्हतेच.

ही गोष्ट मी घरी सातवीतल्या नातीला सांगितली. तिने एकच विचारले : तो त्याच खोलीत बसत होता ना आजोबा, मग त्याने स्वतः का नाही पाहिले? हर्नच्या त्या निबंधाचा खरा विषय हाच आहे. पिंजरा हाताच्या अंतरावर होता. अधू डोळ्याची सबब देता आली असती. ती त्याने दिलेली नाही. तो ऐकत होता, आणि ऐकण्यात इतका रमला होता की गाणारा उपाशी आहे हे त्याच्या ध्यानात आले नाही. ज्याला लहानपणी आईने, बापाने, आजीच्या इस्टेटीने एकामागून एक सोडले, त्याच्याच घरात हे घडले. लेखाच्या शेवटी तो किड्याकडून गाणाऱ्या माणसांकडे वळतो. मला तो शेवट जरा ताणलेला वाटतो. दगडासारखी ती वांग्याची फोड पुरेशी होती. पण अपराध त्याने स्वतःच छापून ठेवला, हे लक्षात घ्यायला हवे. पिंजऱ्यातला एक किडा मेला हे जगाला एरवी कुणी सांगितले असते?

पुढचे थोडक्यात. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. विद्यार्थ्यांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. त्याच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी होते, पुढे १९८४ ते २००७ या काळात हजार येनच्या नोटेवर झळकलेले थोर कादंबरीकार. हर्नला १९०४ मध्ये वासेदा येथे शिकवण्याचे काम मिळाले, ‘क्वाइदान’ही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. मुले चार झाली होती. धाकटी सुझुको अजून रांगत-चालत होती. सप्टेंबरात छातीत कळ आली.

त्या दिवसांतल्या तीन गोष्टी सेत्सुच्या लक्षात राहिल्या. बागेतल्या चेरीला अवेळी फूल आले. दूरच्या, अनोळखी मुलखात प्रवास करतो आहोत असे स्वप्न त्याला पडले. आणि घरात एक मात्सुमुशी होता, म्हणजे पाइनवरचा म्हणून ओळखला जाणारा रातकिडा. थंडी जवळ आली तसा त्याचा आवाज क्षीण होत चालला. हर्नने या वेळी कुणा नोकरावर सोपवले नाही. बिचाऱ्याने आपल्यासाठी खूप गायले, आता एखाद्या उबदार दिवशी आपण त्याला गवतात सोडून देऊ, असे त्याने बायकोशी ठरवले.

२६ सप्टेंबर १९०४ च्या संध्याकाळी जेवणानंतर पुन्हा कळ आली आणि थोड्याच वेळात तो गेला. झोशिगायाच्या झाडीभरल्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. सेत्सु पुढे सत्तावीस वर्षे जगली, चारही मुले तिने वाढवली. १९३२ मध्ये ती वारली आणि तिलाही तिथेच त्याच्याजवळ जागा मिळाली.